मुखपृष्ठावरची दोन नावं

पुस्तक हातात आलं की आधी प्रस्तावना वाचायची, ही माझी जुनी खोड. इतकी वर्षं प्रस्तावना वाचल्यावर एक गंमत लक्षात आली आहे. लेखकमहाशय सगळ्यांचे आभार मानतात. प्रकाशकांचे मानतात, मुद्रकांचे मानतात, मुद्रितं तपासणाऱ्यांचे मानतात, ग्रंथालयातल्या शिपायाचेही मानतात. आणि मग अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ येते. शब्द वेगवेगळे असतील, पण अर्थ बहुतेक वेळा एकच. सौभाग्यवतींचे आभार मानले तर त्यांना आवडणार नाही, म्हणून मानत नाही!

आता या सौभाग्यवतींनी नेमकं काय केलेलं असतं? हस्तलिखिताची स्वच्छ प्रत काढलेली असते, संदर्भ शोधलेले असतात, "हे प्रकरण काही जमलं नाही हो" असं तोंडावर सांगितलेलं असतं. काही वेळा तर अर्धं पुस्तक तिच्याच डोक्यातून उतरलेलं असतं. वाचणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही.

हा विषय बरेच दिवस मनात घोळत होता. लिहायला निमित्त मिळालं ते अमेरिकेतल्या एका चित्रकार जोडप्याचं. लिओ आणि डायॅन डिलन. या दोघांनी पन्नासहून अधिक वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढली आणि ती एकत्र बसून, एकाच कागदावर काढली. आपल्याकडे ही नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून आधी त्यांच्याविषयी सांगते आणि मग माझं म्हणणं मांडते.

त्यांची माझी ओळख झाली ती एका डासामुळे. मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा नातीला घेऊन तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जात असे. लहान मुलांसाठी वेगळी खोली, बसायला छोट्या छोट्या खुर्च्या, आणि पुस्तकं मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली ठेवलेली. तिथून नातीने एक पुस्तक उचलून आणलं. 'व्हाय मॉस्किटोज बझ इन पीपल्स इअर्स'. डास माणसांच्या कानाशी गुणगुणतात का, याची ही पश्चिम आफ्रिकेतली लोककथा. व्हर्ना आर्डेमा यांनी ती मुलांसाठी लिहिली आहे. डास घोरपडीसारख्या एका प्राण्याला, इग्वानाला, काहीतरी थाप मारतो. इग्वाना वैतागून कानात काड्या घालून निघतो. त्यामुळे त्याला अजगराची हाक ऐकू येत नाही. अजगराला वाटतं, याच्या मनात काही काळंबेरं आहे, म्हणून तो सशाच्या बिळात शिरतो. ससा पळतो, कावळा ओरडतो, माकड उड्या मारतं, फांदी तुटते आणि घुबडाचं पिल्लू मरतं. मग दुःखी घुबड सूर्याला हाकच मारत नाही आणि रात्र काही केल्या संपत नाही. 'पळा पळा, आभाळ पडलं' म्हणत धावणाऱ्या सशाची गोष्ट ऐकून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ही साखळी लगेच जवळची वाटते.

पण मला धरून ठेवलं ते चित्रांनी. रात्रीची पानं काळीभोर, दिवसाची पानं पांढरीशुभ्र. प्रत्येक आकाराच्या भोवती पांढरी रेघ, जणू रंगीत कागद कापून एकमेकांशेजारी मांडले आहेत. रंग बारीक तुषारांसारखा पसरलेला. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलं झाडाचं पान कागदावर ठेवायची, टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायची आणि मग पान उचललं की पांढरा ठसा राहायचा. त्याला आम्ही 'स्प्रे वर्क' म्हणायचो. तीच कल्पना, पण कुठल्या कुठे नेऊन पोचवलेली. जलरंग एअरब्रशने फवारलेला, जोडीला पेस्टल आणि काळी शाई.

मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून दोन नावं होती. नातीने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "आजी, यातलं कुणी काय काढलंय?" मी पानं पुन्हा उलटून पाहिली. काही सांगता येईना. पुढे या दोघांविषयी मिळेल ते वाचलं, तेव्हा कळलं की हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला आणि त्याचं उत्तर त्यांनाही देता येत नसे.

दोघांचाही जन्म १९३३ सालचा. लिओ २ मार्चचा, डायॅन १३ मार्चची. फक्त अकरा दिवसांचं अंतर, पण गावं अमेरिकेच्या दोन टोकांना. लिओ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, त्याचे आईवडील त्रिनिदादहून आलेले, कृष्णवर्णीय. डायॅन कॅलिफोर्नियातली, गोरी. १९५३ साली दोघं न्यूयॉर्कच्या पार्सन्स स्कूल ऑफ डिझाइनमध्ये एकमेकांना भेटली. भेटली म्हणण्यापेक्षा आधी चित्रं भेटली म्हटलं पाहिजे. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात लिओने एका खुर्चीचं चित्र पाहिलं आणि त्याच्या पोटात गोळाच आला. हे ज्याने कोणी काढलंय तो आपल्यापेक्षा सरस आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. ते चित्र डायॅनचं होतं.

त्यानंतर दोघांची जी चढाओढ लागली ती अगदी अटीतटीची. एकाने काही काढलं की दुसऱ्याने त्यावर कडी करायची. आम्ही शिक्षक असे दोन विद्यार्थी वर्गात दरवर्षी पाहतो. पहिला आणि दुसरा नंबर, आणि दोघांमध्ये अर्ध्या गुणाचा फरक. आमच्या अनुभवात त्यांचं पुढे बहुधा पटत नाही. या दोघांनी मात्र १९५७ साली लग्न केलं. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या माणसांनी आपसात लग्न करणं हा गुन्हा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले ते १९६७ साली, म्हणजे या दोघांच्या लग्नानंतर दहा वर्षांनी. न्यूयॉर्कमध्ये तसा कायदा नव्हता म्हणून त्यांचं लग्न होऊ शकलं.

लग्न झालं तरी चढाओढ काही संपली नव्हती. दोघं स्वतंत्र काम करत राहिली तर ही ईर्षा उद्या घरात शिरेल आणि संसार टिकणार नाही, हे त्यांना दिसत होतं. या अडचणीतून त्यांनी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. यापुढे दोघांनी मिळून एकच चित्र काढायचं. मग हरवायचं कुणाला?

त्यांची पद्धत अशी होती. आधी गोष्ट दोघांनी वाचायची आणि तिच्यावर भरपूर बोलायचं. मग लहान लहान कच्ची रेखाटनं. त्यातलं एखादं ठरलं की एकाने सुरुवात करायची आणि ठराविक टप्प्याला आलं की कागद दुसऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्याने त्यावर हात फिरवून परत द्यायचा. असा कागद इकडून तिकडे फिरत राहायचा. पूर्ण झाल्यावर अमुक रेघ कुणाची, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नसे. ते म्हणत की आमच्यात एक तिसरा चित्रकार आहे आणि चित्रं तोच काढतो. तो लिओही नाही आणि डायॅनही नाही. दोघांपैकी कुणालाही एकट्याने जे सुचलं नसतं, ते त्याला सुचतं.

वाचायला हे गोड वाटतं, पण करायला किती कठीण असेल याचा विचार करा. आपण मन लावून काढलेल्या रेघेवर दुसरा माणूस हात फिरवणार आणि आपण गप्प बसायचं! मी शाळेत असताना माझ्या फळ्यावरच्या सुविचारातला एक शब्द कुणी बदलला तरी मला दिवसभर रुखरुख लागायची. आणि इथे तर रोजचं काम, रोजची भाकरी त्याच्यावर.

या तिसऱ्या चित्रकाराचा आणखी एक फायदा झाला. त्याची एक ठरीव शैली नव्हती. आपल्याकडे दलालांचं किंवा मुळगावकरांचं चित्र सही न वाचताही लांबून ओळखू यायचं. डिलन दांपत्याचं तसं नाही. प्रत्येक पुस्तकाला ते वेगळ्या रीतीने भिडले. हार्लन एलिसनने संपादित केलेल्या 'डेंजरस व्हिजन्स' या १९६७ च्या विज्ञानकथासंग्रहात त्यांची काळीपांढरी, लाकडी ठशांसारखी चित्रं आहेत. 'अशांती टू झुलू' या मार्गारेट मसग्रोव्ह यांच्या पुस्तकात आफ्रिकेतल्या सव्वीस समाजांची सव्वीस चित्रं आहेत, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. प्रत्येक चित्रात शक्यतो त्या समाजातला पुरुष, स्त्री, मूल, त्यांचं घर, हातची एखादी वस्तू आणि तिथला प्राणी, असं सगळं बसवलं आहे. त्यामागे केवढी शोधाशोध असेल! व्हर्जिनिया हॅमिल्टन यांच्या 'द पीपल कुड फ्लाय' या १९८५ च्या लोककथासंग्रहात पुन्हा काळापांढरा रंग आहे, पण तो धुक्यासारखा मऊ. १९९१ साली आलेल्या 'पिश, पॉश, सेड हायरॉनिमस बॉश' या पुस्तकातल्या चित्रांची चौकट त्यांच्या मुलाने, ली डिलनने, धातूत घडवली. म्हणजे तिथे चौथाही आला म्हणायचा.

मानसन्मानही भरपूर मिळाले. अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी कॅल्डेकॉट पदक असतं. १९३८ पासून ते दरवर्षी एका पुस्तकाच्या चित्रकाराला देतात. १९७६ साली ते डासाच्या गोष्टीसाठी डिलन दांपत्याला मिळालं आणि लगेच १९७७ साली 'अशांती टू झुलू'साठी पुन्हा त्यांनाच. लागोपाठ दोन वर्षं हे पदक त्याआधी कुणालाही मिळालं नव्हतं.

इथपर्यंत ही एका सुखी जोडप्याची गोष्ट झाली. आता माझा मुद्दा.

कागदावर या दोघांनी 'तुझं' आणि 'माझं' पूर्ण पुसून टाकलं. मुखपृष्ठावर मात्र पुसलं नाही. तिथे 'लिओ आणि डायॅन डिलन' अशी दोन नावं छापली. 'तिसरा चित्रकार' म्हणून एखादं टोपणनाव घेता आलं असतं, किंवा नुसतं 'डिलन' लिहिता आलं असतं. तसं झालं असतं तर काय बिघडलं असतं, असं कुणी विचारील. बरंच बिघडलं असतं. १९७६ साली कॅल्डेकॉट पदक मिळालं तेव्हा लिओ हे पदक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकार ठरला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९७१ साली, विज्ञानकथांच्या क्षेत्रातला व्यावसायिक चित्रकाराचा ह्यूगो पुरस्कार दोघांना मिळाला, तेव्हा डायॅन तो मिळवणारी पहिली स्त्री ठरली. या दोन्ही गोष्टी जगाला कळल्या त्या मुखपृष्ठावर दोन वेगळी नावं होती म्हणून. कुठल्या तरी काळ्या मुलाने त्या नावाकडे पाहून पेन्सिल उचलली असेल, कुठल्या तरी मुलीने वडिलांना सांगितलं असेल की हे काम बायकाही करतात. नुसत्या 'डिलन'ने हे झालं नसतं. लोकांनी 'डिलन' म्हणजे एक गोरा पुरुष असंच धरून चाललं असतं, कारण न सांगता लोक तसंच धरून चालतात.

म्हणून माझं मत असं आहे. नवराबायको मिळून एखादं काम करत असतील तर घरात हिशोब ठेवू नये. ठेवायला गेलं तर काम होत नाही आणि संसारही होत नाही. पण काम घराबाहेर पडताना त्यावर दोघांचीही नावं, पूर्ण नावं, असली पाहिजेत. पहिली गोष्ट करायची आणि दुसरी टाळायची, हा अन्याय आहे. आणि आपल्याकडे नेमकं तेच होत आलं आहे. 'आम्ही दोघं काय वेगळे आहोत का?' असं म्हणायचं आणि छापताना त्या एकपणाला नाव द्यायचं ते त्याचं. दोघं एकच असतील, तर तो 'एक' दरवेळी पुरुषच कसा निघतो?

अमेरिकेत डिलन काही पहिले नव्हेत. कॅल्डेकॉट पदक सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हा, १९४० साली, ते इंग्री आणि एडगर पॅरिन दोलेर या जोडप्याला त्यांच्या 'अब्राहम लिंकन' या पुस्तकासाठी मिळालं. १९४६ साली मॉड आणि मिस्का पीटरशॅम यांना, १९८४ साली अॅलिस आणि मार्टिन प्रोव्हेन्सन यांना. प्रत्येक वेळी दोन्ही नावं. यातलं शेवटचं जोडपं मला मुद्दाम सांगायचं आहे. मार्टिन प्रोव्हेन्सन १९८७ साली गेले. त्याआधी चाळीसेक वर्षं ती दोघं एकत्र काम करत होती आणि कुणी काय काढलं हे तीही सांगत नसत. मार्टिननंतर अॅलिस थांबल्या नाहीत. १९९० साली त्यांचं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरचं 'द बक स्टॉप्स हिअर' हे पुस्तक आलं, त्यानंतरही आणखी आली. २०१८ साली वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. सत्तरी ओलांडलेल्या विधवेला प्रकाशकाने पुस्तक दिलं, कारण तिचं नाव त्याला आणि वाचकांना चाळीस वर्षं माहीत होतं. ते नाव 'मार्टिनची बायको' एवढंच असतं, तर शोकपत्रं आली असती आणि दारं बंद झाली असती.

लिओ डिलन २०१२ साली मे महिन्यात गेले. तिसऱ्या चित्रकाराचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात आलाच. अर्धा हात गेल्यावर कागद कुणाकडे सरकवायचा? पण त्यानंतरही २०१४ साली 'इफ किड्स रॅन द वर्ल्ड' आणि २०१९ साली 'लव्ह अँड द रॉकिंग चेअर' ही पुस्तकं आली. दुसऱ्या पुस्तकात एक झुलती खुर्ची आहे आणि एका कुटुंबाच्या पिढ्या तिच्याभोवती पुढे सरकतात. लिओने पाहिलेलं पहिलं चित्रही खुर्चीचंच होतं! आणि दोन्ही पुस्तकांवर नावं दोघांचीच. मागे राहिलेल्या बाईने गेलेल्या नवऱ्याचं नाव सोडलं नाही. हे मला फार आवडलं. नाव टिकवण्याचा नियम दोन्ही बाजूंनी पाळला गेला पाहिजे, नाहीतर तो नियम कसला?

यावर काही जण म्हणतील, बाई, हे सगळं नावाच्या हव्यासापायी चाललंय. प्रेमात कसला हिशोब? एका ताटात जेवणाऱ्यांनी घास मोजू नयेत. मलाही घास मोजायचे नाहीत. पण नाव म्हणजे घास नव्हे. नाव म्हणजे पुढच्या कामाचा दाखला. तो नसला तर काय होतं ते मी घरातच पाहिलं आहे.

आम्ही दोघंही शिक्षक. शाळा वेगळ्या, पण विषय एकच, मराठी. ऐंशीच्या दशकात आम्ही आठवीच्या मुलांसाठी व्याकरणाची एक सरावपुस्तिका केली. पोरं झोपली की सतरंजीवर कागद पसरून बसायचो. नियम ह्यांनी मांडायचे, उदाहरणं मी द्यायची, मग माझ्या उदाहरणावरून ह्यांचा नियम बदलायचा, आणि बदललेल्या नियमासाठी मी नवं उदाहरण शोधायची. प्रयोगाचं प्रकरण कुणी लिहिलं, असं आज मला विचारलं तर सांगता येणार नाही. प्रकाशकाकडे गेलो तर ते म्हणाले, "सर, दोन नावं कशाला? मुखपृष्ठ भरल्यासारखं दिसतं. आणि बाई काय परक्या आहेत का?" ह्यांनी पुष्कळ वाद घातला. प्रकाशकांनी मान डोलावली. पुस्तिका छापून आली तेव्हा एकच नाव होतं. पुस्तिका दोघांची आहे असं ह्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं होतं, पण पानं वाढतात म्हणून ती प्रस्तावनाही अर्धी झाली होती. पुढच्या आवृत्तीत बघू, असं सांगण्यात आलं. पुढे अभ्यासक्रम बदलला आणि आवृत्ती निघालीच नाही.

त्या वेळी मला त्याचं फार वाटलं नव्हतं. वाटलं ते काही वर्षांनी. एका ठिकाणी शिक्षकांकडून अभ्याससाहित्य तयार करून घेणार होते आणि त्यासाठी अर्ज मागवले होते. अर्जात 'प्रकाशित साहित्य' असा रकाना होता आणि खाली सूचना होती, मुखपृष्ठाची झेरॉक्स जोडावी. हे म्हणाले, "अगं, आपलीच पुस्तिका आहे, लिही की." मी म्हटलं, "अहो, लिहीन. पण झेरॉक्सवर तुमचं नाव आहे." शेवटी त्या रकान्यात रेघ मारली. काम मिळालं नाही. रागावण्यासारखं त्यात कुणी नव्हतं. अर्ज तपासणाऱ्याने रेघ पाहिली आणि रेघेप्रमाणे निर्णय दिला.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावावर जमीन करायला सांगितलं, तेव्हाही गावोगाव हेच ऐकू आलं असणार. ती काय परकी आहे का? घरातलीच तर आहे. घरातली आहे म्हणून तर तिचं नाव लागलं पाहिजे. परक्या माणसाचं नाव लावायला लोक विसरत नाहीत, कारण परका माणूस भांडतो.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुरुषमंडळी बिचकतील. लिहिणाऱ्याला वेळेवर चहा दिला म्हणून मुखपृष्ठावर नाव घाला, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर नावाला किंमत राहणार नाही. मदत आणि भागीदारी यात फरक आहे. तो ओळखायची माझी साधी कसोटी अशी. ते माणूस त्या कामातून काढून घेतलं असतं, तर काम उशिरा झालं असतं की वेगळं झालं असतं? उशिरा झालं असतं तर प्रस्तावनेत नावानिशी मनापासून आभार माना. वेगळंच झालं असतं तर नाव मुखपृष्ठावर पाहिजे. ही कसोटी बायकांनाही लागू आहे. एखादीच्या नावाने पाककृतींचं पुस्तक निघतं आणि प्रत्येक पदार्थाचं माप-प्रमाण नवऱ्याने वहीत टिपून, तीनतीनदा करून पाहून ठरवलेलं असतं. मग त्याचंही नाव घाला की. डिलन दांपत्याच्या पुस्तकांवर लिओचं नाव आधी आणि डायॅनचं नंतर येतं. त्यावरही कुणी वाद घालील. मला तो वाद घालायचा नाही. आधी दोन नावं येऊ देत, क्रमाचं पुढे पाहता येईल.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की हल्ली आपल्या ओळखीपाळखीत घरोघरी पुस्तकं निघू लागली आहेत. छपाई सोपी झाली आहे. कुणी प्रवासवर्णन काढतं, कुणी आठवणी, कुणी आजीच्या हातचे पदार्थ. सत्तरी-पंचाहत्तरीला आलेली जोडपी हे काम मिळून करतात, हे मी डोळ्यांनी पाहते. एकजण सांगतो, एकजण लिहितो, साल चुकलं की दुसरा दुरुस्त करतो. आणि पुस्तक हातात येतं तेव्हा नाव एकच! निदान आपण, ज्यांना कुणी प्रकाशक अडवत नाही, मुखपृष्ठ आपल्याच हातात आहे, त्यांनी तरी हे करू नये.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्तीही सध्या तयार होते आहे. धाकटे भाऊजी रात्र रात्र बसून माहिती टाइप करत आहेत, त्यांची चिकाटी मोठी. पण ती माहिती आली कुठून? जाऊबाईंनी दोन वर्षं फोन करून करून सगळ्या शाखा धुंडाळल्या. लेकींची सासरची नावं, त्यांची मुलं, परदेशी गेलेले, दत्तक गेलेले, सगळं त्यांच्या वहीत आहे. जुन्या आवृत्तीत मुलींची नावं लग्नापाशी संपत होती, ती या खेपेला पुढे जाणार आहेत, तीही त्यांच्यामुळे. त्यांना वगळलं असतं तर हा कुलवृत्तांत वेगळाच झाला असता, नुसता उशिरा नव्हे.

भाऊजी, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे. मुखपृष्ठाचा नमुना छापखान्यात द्यायच्या आधी एकदा मला पाठवा.